ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, मग धाप का लागते?

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी ४३ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते. घर सांभाळून संध्याकाळी दोन तास शिकवण्या घेते. आमच्या बिल्डिंगमधल्या पाचसहा जणी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जातात, मीही जाते. गेल्या वर्षीपर्यंत गप्पा मारत वर पोचायचे. आता अर्ध्यातच बसावं लागतं आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायका पुढे निघून जातात. घरी येऊन करोनातला ऑक्सिमीटर बोटाला लावते, तर ९८! मिस्टर म्हणतात, मशीन ९८ दाखवतंय म्हणजे हे सगळे मनाचे खेळ. मुंबईचा भाऊ म्हणतो, नाशिक उंचावर आहे, तिथे ऑक्सिजनच कमी. व्हॉट्सअॅपवर ‘फुप्फुसं मजबूत करा’ असा व्हिडिओ आला होता, त्यात सांगितल्याप्रमाणे रोज दहा मिनिटं जोरजोरात दीर्घ श्वास घेते. पण मग ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. अकरावी सायन्सची मुलगी म्हणते, “आई, फुप्फुसांना स्नायूच नसतात, तू मजबूत काय करणार?” माझी फुप्फुसं कमजोर झाली असतील का? ऑक्सिजन कसा वाढवायचा?

ता. क. पाळीत जास्त जातं त्यावरही कधी लिहा. माझी हल्ली वीस-बावीस दिवसांनी येते आणि आठ दिवस जाते, पण ते वयाने असेल. आणि हसू नका, तांदूळ निवडताना मूठमूठ कच्चे तांदूळ तोंडात जातात, मुलगी ओरडते. चालतं ना ते?

उत्तर:

ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. आपल्या बायकांचं हे नेहमीचं आहे. विचारायचं ते सविस्तर विचारतात, आणि सांगायला हवं ते शेवटी, लाजत, अर्ध्या ओळीत उरकतात.

माझा पहिला संशय तुमच्या फुप्फुसांवर नाही, रक्तावर आहे. हिमोग्लोबिन (एचबी), म्हणजे तांबड्या पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं द्रव्य, चांगलंच उतरलेलं असावं. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, दवाखाना कधी थाटला नाही, आणि नुसत्या पत्रावरून निदान करणं कुणालाच शोभत नाही. तेव्हा तपासणी करायचीच. पण ‘एचबी बघून घ्या’ एवढंच लिहून थांबले, तर तुमच्या मिस्टरांचं ते ९८ घरात ठाण मांडून बसेल. त्या आकड्याला काय कळतं आणि काय कळत नाही हे समजायचं, तर हवा नाकातून पायाच्या पोटरीपर्यंत कशी पोचते ते बघावं लागेल.

लेकीपासून सुरुवात करू, कारण तिचं बरोबर आहे. हवा आत घ्यायला लागणारे स्नायू फुप्फुसांत नसतातच. (श्वासनलिकांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात, पण ते नळी आवळतात, आणि दम्यात छळतात ते हेच. एवढी दुरुस्ती तिला सांगा, परीक्षेत कामाला येईल.) खरं काम करतं ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला, वरच्या बाजूला फुगीर असलेला पातळ स्नायू. असं पूर्ण श्वासपटल सस्तन प्राण्यांचीच मिरास. बेडूक तोंडात हवा भरून ती घशातून आत ढकलतो, पक्ष्यांची तऱ्हा आणखी निराळी. श्वासपटल आकसलं की खाली सरकतं. शांत बसलेलं असताना सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, खूप खोल श्वासात दहापर्यंत. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो, आणि बाहेरची हवा आपण होऊन आत येते.

गंमत म्हणजे फुप्फुस छातीच्या भिंतीला कुठेही चिकटवलेलं नसतं. मध्ये दोन पातळ आवरणं आणि त्यांच्यात जेमतेम दोन-तीन चमचे द्रव. त्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कायम थोडा कमी, म्हणून भिंत सरकली की फुप्फुसही तिच्याबरोबर ताणलं जातं. अपघातात छातीला भोक पडून त्या फटीत हवा शिरली, तर श्वासपटल कितीही खालीवर झालं तरी त्या बाजूचं फुप्फुस आकसून गप्प पडतं.

आणि श्वास सोडताना? शांत बसलेल्या माणसात तेव्हा कुणीच काही करत नाही. श्वासपटल सैल पडतं, ताणलेलं फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणाने परत येतं, हवा बाहेर. या आकसण्यात मोठा वाटा आतल्या ओलाव्याचा असतो. फुप्फुसाच्या टोकाशी जे लक्षावधी वायुकोश असतात, त्यांच्या आतून पाण्याचा पातळ थर असतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला आकसायची ओढ असते. नुसतं पाणी असतं तर प्रत्येक श्वासाला वायुकोश मिटून बसले असते. ते होऊ नये म्हणून वायुकोशातल्याच काही पेशी एक स्निग्ध पदार्थ पाझरवतात, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांत तो पुरेसा तयार झालेला नसतो आणि ती बाळं प्रत्येक श्वासासाठी झगडतात, हे मेरी एलन अॅव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. आज काचेच्या पेटीतल्या अशा बाळाच्या श्वासनलिकेत हा पदार्थ बाहेरून सोडता येतो. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतल्या वैद्यकातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे. त्यावर एक अख्खा लेख लिहायचा मोह आवरते.

आता तुमच्या पायऱ्या. पुढच्या वेळी अर्ध्यात बसाल तेव्हा एक करा. एक हात छातीवर, गळ्याच्या जरा खाली, आणि दुसरा बेंबीवर. माझी खात्री आहे की वरचा हात भराभर हलत असेल, खांदे उचलले जात असतील, गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ झाले असतील आणि बेंबीवरचा हात जवळपास स्थिर असेल. म्हणजे श्वास वरवरचे आणि भराभर. हे महागात पडतं, आणि किती ते आकड्यात सांगते. दर श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि नळ्यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. मिनिटाला १५ श्वास घेतले तर साडेसात लिटर हवा हलली, आणि कामाला आली सव्वापाच लिटर. तेच २५० मिलिलिटरचे ३० श्वास घेतले तर हलली तेवढीच, साडेसात लिटर. पण नळ्यांतले दीडशे प्रत्येक खेपेला वाया गेल्यामुळे कामाला आली फक्त तीन लिटर. श्वास दुप्पट, मिळकत निम्म्याच्या जवळ.

एप्रिलच्या उन्हात गल्लीतलं कुत्रं जीभ काढून ल्हाल्हा करतं ना, ते हीच फुकट जाणारी हवा मुद्दाम हलवत असतं. मिनिटाला तीनशेच्या घरात जाणारे उथळ श्वास. नाका-तोंडातला ओलावा उडतो, अंग निवतं, आणि वायुकोशांतली हवा फारशी ढवळली जात नाही, म्हणून त्याला तुमच्यासारखी भोवळ येत नाही. तुम्हाला भोवळ का येते, त्याकडे येतेच.

नळ्यांचं जाळं तेवीसेक वेळा फाटे फोडत वायुकोशांशी संपतं. वायुकोशाचा व्यास मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीसेक कोटींहून जास्त, आणि सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर. तुमचा फ्लॅट साधा टू बीएचके असेल तर जवळपास तेवढाच. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. रक्तातली तांबडी पेशी वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीतून, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिनीतून, जायला पाऊण सेकंद घेते आणि तिचं ऑक्सिजन भरून घेणं पाव सेकंदातच उरकतं. म्हणजे आरामात असताना दोन तृतीयांश वेळ हाताशी शिल्लकच राहतो. एवढी ऐसपैस सोय असल्यामुळे निरोगी माणसाला चढावर धाप लागते तेव्हा अडलेली गोष्ट बहुधा फुप्फुस नसतं. हृदय किती रक्त ढकलतंय, रक्त किती ऑक्सिजन वाहतंय आणि पायांचे स्नायू तो कसा वापरतायत, यांवर गाडी अडते.

इथेच तुमच्या भावालाही उत्तर देऊन टाकू. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत आहे. मुंबईपेक्षा हवेचा दाब इथे सुमारे सात टक्के कमी, हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मात्र तेच, २१ टक्के. एवढ्या फरकाने कुणाला धाप लागत नाही. लागली असती तर तुमच्या त्या पुढे गेलेल्या मैत्रिणीही पायरीवर बसल्या असत्या, त्याही नाशिकचीच हवा घेतात. कळसूबाईला, १६४६ मीटरवर, थोडं जाणवू शकतं, तेही चढण्याच्या श्रमानेच जास्त.

मग धाप नेमकी कशाने लागते? इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. श्वास घ्यायची ओढ एरवी ऑक्सिजन कमी पडल्यामुळे लागत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साचल्यामुळे लागते. मेंदूच्या देठाशी असलेल्या पेशी रक्तातला कार्बन डायऑक्साइड जराही वाढला की श्वासाचा वेग आणि खोली वाढवतात. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी हे दाखवून दिलं. (या हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन, लहानपणी बापाच्या प्रयोगांत भाग घेणारा, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.) ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या छोट्या ग्रंथी मानेतल्या धमन्यांपाशी असतात. पण ऑक्सिजनसाठी त्या आरडाओरडा करतात तो बऱ्याच उशिरा, ऑक्सिमीटर नव्वदच्या आसपास उतरल्यावर.

पटत नसेल तर प्रयोग मिस्टरांवरच करा. त्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास नसेल तरच. खुर्चीत बसवा, बोटाला ऑक्सिमीटर लावा, साधा श्वास सोडायला सांगा आणि मग नाक-तोंड बंद. वीस-तीस सेकंदांत त्यांचं पोट आतल्या आत उचक्या द्यायला लागेल, डोळे मोठे होतील आणि नाकावरचा हात सुटेल. तेव्हा आकडा बघा, आणि पुढे अर्धा मिनिट बघत राहा, कारण बोटापर्यंत बातमी पोचायला थोडा वेळ लागतो. बहुधा थोडाच उतरेल. डॉक्टर ज्याला धोक्याचा म्हणतात तिथवर सहसा जात नाही. जीव तर कासावीस झाला होता! मग त्यांना विचारा, हे मनाचे खेळ होते का?

करोनात आपण याची उलटी बाजू पाहिली. काही रुग्णांचा आकडा ऐंशीवर आलेला असायचा आणि ते खाटेवर बसून फोनवर बोलत असायचे. कार्बन डायऑक्साइड वायुकोशाच्या त्या पातळ पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज निसटतो. तो बाहेर पडत होता, म्हणून धाप लागत नव्हती, आणि ऑक्सिजन मात्र आत पोचत नव्हता. ऑक्सिमीटर तेव्हा खरोखर कामाला आला. त्यातही २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याच शहरात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि माणसं दगावली. तेव्हापासून नाशिककराच्या मनात या शब्दाची धास्ती बसली ती बसलीच. ‘ऑक्सिजन कसा वाढवायचा’ हा तुमचा प्रश्नही त्या धास्तीतूनच आलाय, हे मला कळतं. पण तुमचं उलट आहे. तुमचा आकडा ठीक आहे आणि धाप लागते आहे.

आता तो व्हिडिओ. बसल्या जागी दहा मिनिटं जोरजोरात श्वास घेतल्यावर ऑक्सिजन किती वाढणार? तुमची तांबडी पेशी आधीच ९८ टक्के भरलेली आहे, वर दोनच टक्के उरले. कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर धुऊन जातो. तो हवाच असतो, अगदी ठरावीक प्रमाणात, कारण रक्ताचं आम्ल-अल्कलीचं गणित त्यावर उभं आहे. तो घटला की रक्त अल्कलीकडे झुकतं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. जास्त ताणलंत तर बोटं आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणून गरगरतं. म्हणजे ऑक्सिजन वाढवायला बसलात आणि मेंदूचं रक्तच कमी केलंत. हा प्रकार आजपासून बंद करा.

प्राणायामावर माझा राग नाही, गैरसमज नको. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी या विद्येकडे प्रयोगशाळेतून पाहिलं, ती परंपरा आपली आहे. पण संथ, लांब श्वास सोडणं वेगळं आणि हा धडाका वेगळा. पहिल्याने नाडी मंदावते, मन निवतं. बेंबीवर हात ठेवून मिनिटाला सहा-आठ श्वास, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ, एवढं रोज केलंत तर पायऱ्यांवरचे ते उथळ श्वास सुधारायला मदत होईल. फुप्फुसांचा आकार वाढणार नाही, आणि वाढायची गरजही नाही.

आणखी एक, तुमच्यासाठी नाही पण घरात किंवा शेजारी पोहणारी मुलं असतील तर त्यांना सांगा. पाण्याखाली जास्त वेळ राहायच्या पैजेआधी पोरं असेच जोरजोरात श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की वर यायची ओढ लागतच नाही, आणि ऑक्सिजन संपून पोरगा पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच यात जातात.

आता तुमच्या ९८ कडे. ऑक्सिमीटर बोटातून तांबडा आणि अवरक्त असा दोन तऱ्हेचा प्रकाश पाठवतो आणि वाटेत किती अडला त्यावरून रक्तातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय ते टक्क्यांत सांगतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांची ही १९७४ ची युक्ती. हा माणूस वारला २०२० च्या एप्रिलमध्ये, जगभर घराघरांत त्याचं यंत्र विकत घेतलं जात होतं तेव्हा. पण टक्के कशाचे, ते नीट बघा. पिंपळगावच्या मार्केटला तुम्ही टोमॅटोच्या मोसमात गेला असाल. एखाद्याने सांगितलं, ‘आमचा प्रत्येक क्रेट ९८ टक्के भरलेला आहे’, तर त्यावरून तो किती माल घेऊन आला हे कळेल का? दोनशे क्रेट आणले की ऐंशी, ते मोजायला हवं. ऑक्सिमीटर क्रेट किती भरलेत ते बघतो, क्रेट किती आहेत ते त्याला दिसतच नाही. क्रेट म्हणजे हिमोग्लोबिन.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १४ असेल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम, तर तेवढ्या रक्तात साधारण १८ मिलिलिटर ऑक्सिजन. ८ असेल तर साडेदहा. दोन्ही बायकांचा ऑक्सिमीटर ९८ दाखवेल, आणि दोघीही खुर्चीत बसल्या असतील तर दोघींना काहीच जाणवणार नाही. मानेतल्या त्या ग्रंथींनाही फसगत कळत नाही, कारण त्या ऑक्सिजनचा दाब ओळखतात, साठा ओळखत नाहीत, आणि दाब दोघींत सारखाच असतो. मग ८ वाली पायऱ्या चढायला लागते. पायांना एरवीच्या कितीतरी पट ऑक्सिजन हवा, रक्तात तो निम्म्याच्या जवळ. हृदय भराभर ठोके देऊन भरपाई करू बघतं, म्हणून छातीत धडधड. ते पुरत नाही. स्नायू ऑक्सिजनविना काम भागवायला लागतात, रक्तात आम्ल वाढतं, आणि ते आम्ल श्वासकेंद्राला टोचतं. लागली धाप. फुप्फुसं ठणठणीत, ऑक्सिमीटर खरा, आणि बाईही खरी.

तुमची पाळी वीस-बावीस दिवसांनी आणि आठ दिवस, म्हणजे महिन्याकाठी जाणारं लोह खाण्यातून भरून निघणं अवघड. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हीसुद्धा लोह कमी झाल्याची जुनी ओळखीची खूण. कुणाला माती, कुणाला खडू, कुणाला बर्फ. हसण्यासारखं त्यात काही नाही, डॉक्टरांना मात्र ते आवर्जून सांगा. तुम्ही एकट्याही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणींना घरी ‘वय झालं’ किंवा ‘मनाचं आहे’ हेच ऐकवलं गेलं असणार.

ऑक्सिमीटर आणखी एका ठिकाणी फसतो, आणि थंडीच्या दिवसांत नाशिकमध्ये ते सांगायलाच हवं. बंद बाथरूममधला गॅस गीझर. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने हिमोग्लोबिनला चिकटतो. साधं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं, माणूस कोसळत असला तरी आकडा छान दाखवतं. तुमच्याकडे गीझर बाथरूमच्या आत असेल आणि अंघोळीनंतर डोकं दुखत असेल, तर आधी तो बाहेर काढा.

आता करायचं काय. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची आणि हिमोग्लोबिनची मोजणी, आणि त्याबरोबर फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह. थायरॉइडचीही तपासणी त्यातच उरका, तो बिघडला तरी पाळी आणि दम दोन्ही बिघडतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तो लोहाचाच आहे हे डॉक्टरांना ठरवू दे, आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नका, कारण थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषातही आकडा कमी येतो आणि तिथे लोह देऊन उपयोग नसतो. गोळ्या मिळाल्या की चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर उत्तम. शौचाला काळं होईल, घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने चढायला हवं. आकडा नॉर्मल आला म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला पुढचे दोन-तीन महिने लागतात. हळिवाचे लाडू करा, भाजी लोखंडी कढईत टाका, दोन्ही चांगलं. बिटाच्या रसाची मात्र उगाच कीर्ती आहे, रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. आणि गोळ्यांनी भरलं ते दर बावीस दिवसांनी वाहून जात राहिलं तर काय उपयोग? म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं याच महिन्यात. गर्भाशयात गाठ आहे का हे सोनोग्राफीत कळेल. ‘वयाने असेल’ हे त्यांना म्हणू द्या, तुम्ही नको.

हिमोग्लोबिन चांगलं निघालं तर माझा संशय चुकला, मग छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि ईसीजी. पहाटे खोकला, छातीत शिट्टी, थंड हवेत किंवा धुराने त्रास वाढणं हे असेल तर ती तपासणी आधीच करा, तो दम्याचा रस्ता असतो. आणि छातीत दुखणं, आडवं पडल्यावर दम लागणं, पायांवर सूज, एकाच पोटरीला सूज येऊन अचानक धाप, थुंकीतून रक्त, यातलं काहीही झालं तर रिपोर्टची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

पांडवलेणी तोवर सोडू नका, पण वर पोचायचा हट्ट सोडा. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा, बोलणं तुटायला लागलं की थांबा. मैत्रिणींना पुढे जाऊ द्या. बाकी, सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. उद्या सकाळी चहा-पोहे खाऊन गेलात तरी चालेल.